नोंद : ह

जिल्हा कोशाचं काम. 'ह' अक्षर माझ्या वाट्याला आलं.
हरभरा, हरिपूर, हळद,
आणि हळदीच्या पेठेमागचं
सांगलीतलं हॉटेल हेमकूट.

शब्दमर्यादा एकशे वीस.
स्थापना एकोणीसशे बावन्न. संस्थापक बसगोंडा आवटी.
सागवानी जिना, एकवीस खोल्या,
सौद्याच्या दिवसांत गच्चीवरही खाटा.
पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा
गल्ल्यामागच्या भिंतीवर, सालासकट.
इथवर सोपं होतं.

मग नऊ नंबरची खोली.

स्टँडवर रिक्षावाल्याला म्हटलं, हेमकूट.
तो म्हणाला, नऊ नंबरवालं ना? बसा.
त्याचा जन्मही नसेल तेव्हा झालेला.

आवटींचा नातू राजशेखर. त्यानं चहा मागवला,
खारी मागवली, मग पंखा वाढवला.
"सर, सत्तर वर्षं लोकांना जेवू घातलंय आम्ही.
त्यातली एक रात्र. हिशेब घाला की तुम्हीच."
घातला. सत्तर वर्षांच्या पंचवीस हजारांवर रात्री.
एकशे वीस शब्द त्यांच्यात वाटले
तर एका रात्रीला
साधा अनुस्वारही येत नाही.

मुख्य संपादक गाडवे सर. त्यांची लाल शाई:
'नोंद वास्तूची आहे, गुन्ह्याची नव्हे.
प्रकरण महत्त्वाचं असल्यास स्वतंत्र नोंद करावी.'
महत्त्व मोजायचं माप
कोशाच्या नियमावलीत नाही, मी दोनदा पाहिली.

वर्तमानपत्राचं कात्रण आहे, चार ओळींचं.
व्यापाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पेढीचा पत्ता.
पिशवीचा रंग हिरवा. आत अठरा हजार.
हॉटेलचं नाव दोन वेळा.
'हॉटेलच्या पोऱ्यावर संशय. रात्रभर विचारपूस.
पहाटे पोऱ्या मयत.'
पिशवी तिसऱ्या दिवशी सापडली
व्यापाऱ्याच्याच जीपमध्ये, सीटखाली.
ती बातमी आतल्या पानावर,
बाजारभावांच्या शेजारी.

वर जाऊन पाहिलं.
आठ. मग आठ-अ. मग दहा.
पाटी पितळेची आहे, रोज घासतात.

खाली इस्माईल मुजावर, जुने मॅनेजर,
डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी माळ्यावर चढले.
पगाराची वही आणली, कसरीनं कडा खाल्लेली.
बोट फिरवत फिरवत थांबले :
बिरू. करगणी. पगार चाळीस. उचल पंधरा.
पुढच्या पानावर त्याच ओळीत दुसरं नाव,
आणि समासात बारीक अक्षरात :
उचल पंधरा, बुडीत.

"हे अक्षर माझंच," मुजावर म्हणाले.
बराच वेळ वही मिटली नाही त्यांनी.
"पोरगं डावरं होतं.
सहा कप घेऊन जिना चढायचं,
बशीत थेंब सांडायचा न्हाई."

राजशेखर गल्ल्यावर नोटा मोजत होता,
पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून.

व्यापाऱ्याच्या नावे पेठेतला एक रस्ता आहे.
तो 'र' अक्षरात येईल, तो माझ्याकडे नाही.
बिरू कुठल्याच अक्षरात येत नाही.
त्याला यायचं तर याच दारानं,
याच जिन्यानं,
हेमकूटच्या नोंदीत.

रात्री बसून लिहिलं. गाडवे सरांचा फोन :
"आडनाव काय त्याचं?"
माहीत नाही.
"वय?"
वहीत नाही.
"मग संदर्भ काय देणार?"
म्हटलं, पगारपत्रक, समास.
पलीकडे त्यांनी चष्मा काढल्याचा आवाज आला.
"बघा. मर्यादेत बसत असेल तर."

मोजले. एकशे चोवीस होतात.
उद्या सकाळी प्रूफ छापखान्यात द्यायचं आहे.
चार शब्द कमी करायचेत.

जिना काढू, की पूर?